पडद्यावरच्या संग्रहालयात काय ठेवावे आणि कोणाला विचारून?

वाचकांचे प्रश्न : या वेळी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे डिजिटल संग्रहालये आणि आदिवासी समाजांचा वारसा यांविषयी आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण त्यातला पेच पुढच्या दोन्ही पत्रांच्या मुळाशी आहे.

प्रश्न : जव्हार तालुक्यातील एका आश्रमशाळेत मी शिकवते. विद्यार्थ्यांनी पाड्यापाड्यांवर जाऊन जुन्या वस्तूंची छायाचित्रे काढावीत, गाणी ध्वनिमुद्रित करावीत आणि या सगळ्याचे एक डिजिटल संग्रहालय इंटरनेटवर मांडावे, असा आमचा विचार आहे. मुले उत्साहात आहेत. मात्र पाड्यावरची काही वडीलधारी माणसे आणि एक भगत ‘हे दाखवा, ते दाखवू नका’ असे सांगतात. वारसा असा झाकून ठेवला तर तो नष्ट होईल, असे माझ्या काही सहकाऱ्यांचे म्हणणे आहे. कोणाचे ऐकावे?
— एक शिक्षिका, जव्हार

उत्तर : वडीलधाऱ्यांचे ऐकावे, पण सहकाऱ्यांची काळजीही खोटी नाही. एखादी गोष्ट टिपून नीट सांभाळणे हे एक काम आहे आणि ती जगापुढे मांडणे हे दुसरे. आपण ही दोन कामे वेगळी केली, तर पाड्यावरचा विरोध बहुतेक मावळेल आणि सहकाऱ्यांना वाटणारी भीतीही उरणार नाही.

अमेरिकेतील अॅरिझोना राज्यातल्या होपी समाजाने हा अनुभव शंभर वर्षांहून अधिक काळ घेतला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एच. आर. व्होथ नावाचे मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाचे मिशनरी ओरायबी या होपी गावी राहत होते. होपींचे विधी जमिनीखालच्या ज्या खोल्यांमध्ये होतात, त्या किवांमध्ये शिरून त्यांनी छायाचित्रे काढली, तिथल्या वेदींची वर्णने प्रसिद्ध केली आणि शिकागोच्या फील्ड म्युझियमसाठी काही वेदींच्या प्रतिकृतीही करून दिल्या. पुढे होपी गावांनी विधींच्या छायाचित्रणावर बंदी घातली, परंतु आधी काढलेली छायाचित्रे दूरदूरच्या संस्थांच्या कपाटांत जाऊन पडली होती आणि त्यांवर होपींचा काहीच ताबा नव्हता. अखेर 1994 मध्ये होपींच्या निर्वाचित अध्यक्षांनी अमेरिकेतील संग्रहालयांना पत्र पाठवून, विधींशी संबंधित छायाचित्रे आणि टिपणे आमच्या परवानगीशिवाय कोणालाही पाहू देऊ नयेत, असे कळवले.

त्या वेळी इंटरनेट घरोघरी पोहोचले नव्हते, हे ध्यानात घ्यावे. कपाटातले छायाचित्र पाहायचे तर माणसाला प्रवास करावा लागतो, अर्ज द्यावा लागतो, ग्रंथपालाच्या समोर बसावे लागते. तेच छायाचित्र संकेतस्थळावर चढले की ते कोणाच्या टी-शर्टवर जाईल आणि कोणाच्या विनोदाचा विषय होईल, हे सांगता येत नाही. शिवाय होपींमध्ये एखाद्या विधीचे ज्ञान त्या विधीची दीक्षा घेतलेल्यांपुरतेच असते. शेजारच्या घरातल्या होपी माणसालाही ते नसते. ‘ज्ञान सर्वांसाठी खुले असावे’ हे तत्त्व आपल्याला शाळेत इतक्या लहानपणी शिकवले जाते की ते हवेसारखे नैसर्गिक वाटू लागते. होपींच्या दृष्टीने मात्र ती बाहेरून आलेल्या पाहुण्याची मागणी आहे, आणि पाहुण्याची प्रत्येक मागणी पुरवलीच पाहिजे असे नाही.

मग वारसा सांभाळायचा कसा, याचे उत्तम उत्तर ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीमधील टेनंट क्रीक या गावी सापडते. तिथल्या वारुमुंगू लोकांची जुनी छायाचित्रे मिशनरी, शाळामास्तर आणि सरकारी दफ्तरे यांच्याकडे विखुरलेली होती. ती संगणकीय प्रतींच्या रूपाने गावी परत येऊ लागली, तेव्हा ती सगळ्यांनी सरसकट पाहावीत की नाही, हा प्रश्न लगेच उभा राहिला. किंबर्ली ख्रिस्टन या अमेरिकी संशोधिका आणि क्रेग डायट्रिक हे तंत्रज्ञ यांच्या साहाय्याने वारुमुंगूंनी 2007 मध्ये स्वतःचे डिजिटल दफ्तर उभारले आणि त्याला ‘मुकुर्तू’ हे नाव दिले. त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. दफ्तरात येणाऱ्या व्यक्तीचे घराणे कोणते, ती स्त्री आहे की पुरुष, कोणत्या भूमीशी तिचे नाते आहे, याची नोंद आधी होते. पडद्यावर काय उघडेल, ते या नोंदीवर ठरते. स्त्रियांच्या विधीची छायाचित्रे पुरुषांसमोर येत नाहीत आणि पुरुषांच्या विधीची स्त्रियांसमोर येत नाहीत. एखाद्या पवित्र जागेचे चित्र त्या जागेची जबाबदारी असलेल्या कुटुंबांपुरतेच राहते. आणि छायाचित्रातील व्यक्ती निवर्तली असेल तर ते चित्रही वेगळे ठेवता येते, कारण तिथल्या अनेक समाजांत दिवंगताचे चित्र पाहणे किंवा नाव घेणे दुःखाच्या काळात वर्ज्य मानले जाते. संगणकाने हे नियम शोधून काढले नाहीत. लोक घरात, अंगणात, मयताच्या प्रसंगी जे पाळत होते, तेच त्यांनी संगणकाला पाळायला लावले. आता ‘मुकुर्तू’ ही प्रणाली मोफत उपलब्ध आहे आणि अमेरिकेतील वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत तिचा सांभाळ होतो. प्रत्येक समाजाला तिच्यात स्वतःचे नियम घालता येतात.

मध्य ऑस्ट्रेलियातील अनांगू लोकांनी तर त्याही आधी, 1994 मध्ये, ‘आरा इरितित्जा’ हा प्रकल्प सुरू केला होता. वाळवंटातल्या विखुरलेल्या वस्त्यांवर नेण्यासाठी त्यांनी संगणक चाकांच्या भक्कम पेट्यांत बसवले. गाव संग्रहालयापर्यंत जाण्याऐवजी संग्रहालयच गावात येत असे. मला ही कल्पना झगमगत्या संकेतस्थळापेक्षा अधिक पटते, आणि जिथे मोबाइलचे जाळे टेकडी ओलांडली की नाहीसे होते अशा आपल्या तालुक्यात तर ती अधिकच उपयोगाची ठरेल.

आता आपल्या शाळेविषयी. सुरुवात संकेतस्थळाने करू नये. पहिले वर्षभर सगळी सामग्री शाळेच्या संगणकावर आणि एका वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावी आणि तिची एक प्रत पाड्यावरच्या जबाबदार माणसाकडे द्यावी. प्रत्येक छायाचित्राबरोबर किंवा गाण्याबरोबर ते कोणी दिले, कोणत्या प्रसंगाचे आहे, कोणी पाहिले किंवा ऐकले तर चालेल आणि वर्षाच्या कोणत्या काळात, हे मुलांनी देणाऱ्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे. उदाहरणार्थ, तारपा हे फुंकून वाजवायचे वाद्य कोणत्या हंगामात वाजवायचे याविषयी जाणती माणसे जे सांगतील, ते तारप्याच्या लांबी-रुंदीइतकेच महत्त्वाचे आहे. किंबहुना माझ्या मते अधिक, कारण लांबी-रुंदी केव्हाही मोजता येते. एकदा दिलेली परवानगी मागे घेण्याची मुभाही असू द्यावी आणि ती असल्याचे आधीच सांगावे.

काही गोष्टींना कोणाचीच हरकत नसेल. बोहाडा या मुखवट्यांच्या उत्सवातली सोंगे गावासमोरच नाचतात, त्यांचे मुखवटे दाखवण्यात अडचण येऊ नये. तरी ज्या घराकडे त्या सोंगाचा मान आहे, त्या घराला विचारावे आणि त्यांचे नाव लिहावे. वारल्यांच्या लग्नघरात भिंतीवर काढतात तो लग्नाचा चौक वेगळा. तो सवाष्णी काढतात आणि धवलेरी, म्हणजे लग्नविधी चालवणारी स्त्री, गाणी म्हणते. वारली चित्रे 1970 च्या दशकापासून कागदावर आणि कापडावर आली, जिव्या सोमा मशे यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली आणि आज ही चित्रे विमानतळावरही दिसतात. परंतु म्हणून खऱ्या लग्नघरातला देवचौकही आपोआप सार्वजनिक होत नाही. तो दाखवायचा की नाही, हे त्या घरातल्या बायकांना विचारावे. सरपंचांची परवानगी त्या कामी पुरेशी नाही.

भगताच्या औषधी ज्ञानाविषयी मी आपल्याला स्पष्टच सांगेन की वनस्पतीचे नाव, ती सापडण्याची जागा आणि तिचा उपयोग हे तिन्ही एकत्र कुठेही जाहीर करू नये. यावर सहकारी नाक मुरडतील, तर त्यांना भारत सरकारचेच उदाहरण द्यावे. हळद आणि कडुनिंब यांच्या एकस्वाधिकारांवरून (पेटंटवरून) परदेशात भांडावे लागल्यानंतर 2001 मध्ये पारंपरिक ज्ञानाचे डिजिटल ग्रंथालय उभारण्याचे काम सुरू झाले. आयुर्वेद, युनानी आणि सिद्ध या परंपरांच्या ग्रंथांतील लाखो औषधी कृती त्यात नोंदल्या आहेत आणि हे भांडार अनेक वर्षे गुप्ततेचा करार केलेल्या पेटंट कार्यालयांनाच पाहता येत होते. छापील ग्रंथांतल्या ज्ञानाबाबत सरकार एवढी सावधगिरी बाळगते, तर ज्याचे ज्ञान कागदावरच नाही त्या भगताने ती बाळगली तर त्याला अडाणी ठरवण्याचे कारण नाही.

प्रश्न : जगातील मोठमोठ्या संग्रहालयांनी आपले संग्रह आता इंटरनेटवर मांडले आहेत. वस्तू चारी बाजूंनी फिरवून पाहता येतात. असे असताना मूळ वस्तू परत मागण्याचा आग्रह कशासाठी? उत्तम त्रिमितीय प्रत मिळाली की काम भागत नाही का?
— एक निवृत्त अभियंता, पुणे

उत्तर : कधी भागते, बहुतेक वेळा भागत नाही. वस्तू काय कामाची आहे, यावर ते ठरते.

अलास्कातील त्लिंगित लोकांच्या दक्लावेदी या कुळाचे लाकडी शिरस्त्राण घ्या. किलर व्हेल या सागरी प्राण्याच्या आकाराचे हे शिरस्त्राण 1904 मध्ये मानववंशशास्त्रज्ञ जॉन स्वान्टन यांच्यामार्फत अमेरिकेतील स्मिथसोनियन या संग्रहालय-संस्थेकडे गेले. ज्या अँगून गावाशी या कुळाचे नाते आहे, ते गाव 1882 मध्ये अमेरिकी नौदलाने तोफा डागून जाळले होते. घरे आणि होड्या गेल्या आणि पुढचा हिवाळा उपासमारीत गेला. नौदलाने त्याबद्दल औपचारिक माफी मागितली ती 2024 मध्ये. अशा गावाच्या हातून त्यानंतरच्या दशकांत ज्या वस्तू बाहेर गेल्या, त्या ‘विकल्या’ असे दफ्तरात लिहिलेले असले तरी तो व्यवहार कितपत खुशीचा होता, याचा अंदाज आपण करू शकता.

अमेरिकेत 1989 आणि 1990 मध्ये झालेल्या कायद्यांनी आदिवासी समाजांना पूर्वजांचे अवशेष आणि पवित्र वस्तू परत मागण्याचा हक्क दिला. त्यानंतर 2005 मध्ये हे शिरस्त्राण कुळाला परत मिळाले. पुढची हकिगत आपल्यासारख्या अभियंत्याला आवडेल. कुळाच्या संमतीने शिरस्त्राणाचे लेसर स्कॅन झाले, संगणकावर चालणाऱ्या यंत्राने अल्डर लाकडात त्याची प्रतिकृती कोरली आणि मग त्यावर रंगकाम व सजावट झाली. मूळ शिरस्त्राण कुळाकडे राहिले आणि प्रतिकृती संग्रहालयात गेली! आपण सुचवता त्याच्या नेमका उलटा हा व्यवहार आहे. प्रतिकृती पाहून विद्यार्थी शिकू शकतात, आणि मूळ वस्तू आगीत गेली तर स्कॅनच्या आधारे नवी घडवता येईल, ही कुळालाही वाटणारी सोय आहे. परंतु मूळ शिरस्त्राण पिढ्यान्‌पिढ्या समारंभात डोक्यावर घेतले गेले आहे, त्यासमोर पूर्वजांची नावे घेतली गेली आहेत. प्रतिकृतीला तो मान मिळत नाही आणि तो कोणत्या यंत्राने देताही येत नाही. आपल्या घरच्या टाकाचे हुबेहूब छायाचित्र देवघरात ठेवून मूळ टाक दुसऱ्या देशातल्या काचेच्या कपाटात राहू द्यायला आपण तयार होऊ का, हे आपणच ठरवावे.

आवाजाची गोष्ट निराळी आहे, आणि तिथे मी आपल्या बाजूला झुकतो. 1890 च्या मार्च महिन्यात जेसी वॉल्टर फ्यूक्स हे संशोधक एडिसनचा फोनोग्राफ घेऊन मेन राज्यातल्या कॅलिस गावी गेले आणि त्यांनी पासामाक्वॉडी लोकांची गाणी, कथा आणि बोलणे मेणाच्या नळ्यांवर मुद्रित केले. एखाद्या समाजात प्रत्यक्ष जाऊन केलेली ही जगातील सर्वांत जुनी उपलब्ध ध्वनिमुद्रणे मानली जातात. त्यांपैकी 31 नळ्या टिकल्या आणि त्या आज अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे आहेत. मेणाची नळी प्रत्येक वेळी वाजवताना झिजते, म्हणून ती गावी नेऊनही कोणी ऐकू शकणार नाही. इथे डिजिटल प्रतीतच गाणे खऱ्या अर्थाने परत येते.

मात्र नुसती प्रत देऊन काम संपले नाही. फ्यूक्स यांच्या नोंदी त्रोटक होत्या आणि ते पासामाक्वॉडी भाषेचे जाणकार नव्हते. समाजातील भाषेचे जाणकार खरखरीच्या आडून शब्द वेचत बसले, गाणी पुन्हा लिहिली गेली आणि काही पुन्हा गायली जाऊ लागली. 2018 मध्ये लायब्ररीने ही सामग्री संकेतस्थळावर मांडली, तेव्हा नोंदींत पासामाक्वॉडी भाषेतील शीर्षके आणि समाजाने ठरवलेल्या खुणाही आल्या. त्यांतली एक खूण ‘हे विक्रीसाठी नाही’ असे बजावते. सगळीच गाणी सर्वांसाठी खुली झाली नाहीत. कोणती खुली करायची, हे समाजाने ठरवले.

मानवी अवशेषांबाबत तर प्रतीचा विचारही करू नये. ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयाने 2020 मध्ये नागा लोकांच्या मुंडक्यांसह सगळे मानवी अवशेष प्रदर्शनातून काढले आणि ते परत नेण्याविषयी नागा समाजात आता चर्चा चालू आहे. असे असताना ऑक्टोबर 2024 मध्ये इंग्लंडमधील एका लिलावगृहाने नागा माणसाची शिंगे लावलेली कवटी विक्रीला काढली आणि तिचे छायाचित्र आपल्या ऑनलाइन यादीत टाकले. नागालँडचे मुख्यमंत्री नेफ्यू रिओ यांनी केंद्र सरकारला पत्र लिहिले, तीव्र निषेध झाला आणि विक्री मागे घेतली गेली. तोवर ते छायाचित्र जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून गेले होते, निषेधाच्या बातम्यांबरोबरसुद्धा. आपल्या पत्रकारितेने यावर थोडा विचार करायला हरकत नाही.

प्रश्न : माझ्या आजीने गायलेली लग्नाची गाणी काही वर्षांपूर्वी एका संशोधकाने मुद्रित करून नेली. ती आता एका संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. खाली संशोधकाचे आणि संस्थेचे नाव आहे, आजीचे नाही; फक्त ‘आदिवासी स्त्री, ठाणे जिल्हा’ असे लिहिले आहे. आजी आता नाही. आम्हांला काही करता येईल का?
— एक तरुण चित्रकार, डहाणू

उत्तर : करता येईल, आणि करावे.

कायद्याची बाजू आधी पाहू. लोकगीत कोणा एकाने रचलेले नसल्यामुळे गाण्याच्या शब्दांवर किंवा चालीवर स्वामित्वहक्क सांगता येत नाही. ध्वनिमुद्रणावरचा हक्क सामान्यतः ते करणाऱ्याकडे जातो. हा अन्याय आहे असे मला वाटते, पण आजचा कायदा तसा आहे. मात्र 1957 च्या भारतीय कॉपीराइट कायद्यात 1994 मध्ये दुरुस्ती होऊन गाणाऱ्या-वाजवणाऱ्या कलावंताला स्वतंत्र हक्क मिळाले आणि 2012 च्या दुरुस्तीने सादरकर्ता म्हणून आपले नाव लावून घेण्याचा हक्कही स्पष्टपणे दिला. हे हक्क सादरीकरणानंतर पन्नास वर्षे टिकतात. 1994 ची दुरुस्ती 1995 मध्ये अमलात आली. मुद्रण त्याआधीचे असेल तर कायद्याचा आधार क्षीण आहे. नंतरचे असेल तर वकिलाचा सल्ला घेण्यासारखे आहे. वारली चित्रकलेला 2014 मध्ये मिळालेली भौगोलिक निर्देशकाची नोंदणी इथे उपयोगी पडणार नाही. ती चित्रांच्या नावाचे संरक्षण करते; गाण्याशी तिचा संबंध नाही.

परंतु कोर्टाची पायरी चढण्यापूर्वी एक पत्र लिहून पाहावे. आज बहुतेक जबाबदार संस्था अशा पत्राकडे दुर्लक्ष करू शकत नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या 2007 च्या आदिवासी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या 31 व्या कलमाने सांस्कृतिक वारशावर नियंत्रण ठेवण्याचा त्या त्या समाजाचा हक्क मान्य केला आहे आणि भारताने जाहीरनाम्याच्या बाजूने मत दिले होते. पासामाक्वॉडी लोकांनी वापरलेल्या खुणा ज्या उपक्रमातून आल्या, तो ‘लोकल काँटेक्स्ट्स’ हा उपक्रम 2010 मध्ये सुरू झाला असून जगभरच्या संस्था त्या खुणा स्वीकारतात. पत्रात या दोन्हींचा उल्लेख करावा, म्हणजे आपली मागणी जगावेगळी नाही हे समोरच्याला समजेल.

पत्रात आजीचे पूर्ण नाव, पाड्याचे नाव, मुद्रण साधारण कोणत्या वर्षी आणि कोणाच्या घरी झाले ते लिहावे. आजीचा आवाज ओळखणाऱ्या दोन-तीन नातेवाइकांच्या सह्या जोडाव्यात. मग मागण्या स्पष्ट मांडाव्यात: नोंदीत आजीचे नाव यावे, ‘आदिवासी स्त्री’ हे वर्णन काढावे, लग्नविधीतले जे गाणे विधीबाहेर गात नाहीत, ते घरच्यांशी बोलणे होईपर्यंत संकेतस्थळावरून उतरवावे. आजी धवलेरी असेल तर तसेही आवर्जून लिहावे. ती हौशीने गाणारी बाई नव्हती, एका विधीची अधिकारी होती, हे संस्थेला बहुधा ठाऊकही नसेल, आणि ‘आदिवासी स्त्री’ या दोन शब्दांत नाव पुसले गेले तसा तिचा अधिकारही पुसला गेला आहे.

शेवटची मागणी प्रतीची. संकेतस्थळावर असते ती फाइल बहुधा दाबून लहान केलेली असते. मूळ मुद्रण त्याहून स्वच्छ असते आणि त्यात गाण्यांच्या आधी-नंतरचे बोलणेही पुष्कळदा राहिलेले असते. म्हणून ‘संकेतस्थळावरील प्रत’ मागू नये. न कापलेले संपूर्ण मूळ मुद्रण आणि त्या दिवशीची संशोधकाची टिपणे अशी दोन्हींची मागणी करावी, आणि उत्तर देण्यासाठी एका महिन्याची मुदत द्यावी.